हृदय भरते तेव्हा

हृदयाविषयी आपण बोलतो ते बहुधा त्याच्या आवळण्याविषयी. छातीत एक पंप आहे, तो मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा आवळतो आणि रक्त अंगभर खेळते, हे चित्र शाळेपासून मनात पक्के झालेले असते. परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मला मात्र दिवसेंदिवस अधिक जाणवू लागले आहे की या चित्रातून अर्धी गोष्ट गळते, आणि गळते ती अधिक मोलाची. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याच्या वाट्याला ०.८ सेकंद येतात. त्यातला आवळण्याचा काळ साधारण ०.२७ सेकंदाचा असतो. उरलेले सुमारे ०.५३ सेकंद हृदय सैल होत असते, रक्ताने भरत असते आणि स्वतःचे पोषण करून घेत असते. हृदयाची रचना या मोठ्या वाट्याच्या बाजूने समजून घेतली, तर पुस्तकात सुट्या सुट्या वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी आपोआप जुळून येतात.

आधी जागा आणि आकार. हृदय डावीकडे असते असे आपण म्हणतो, पण ते असते उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या मागे, दोन फुप्फुसांच्या मधल्या पोकळीत. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे येतो एवढेच. प्रौढ माणसाचे हृदय त्याच्या मुठीएवढे असते आणि त्याचे वजन २५० ते ३५० ग्रॅम भरते. त्याचे निमुळते टोक खाली, पुढे आणि डावीकडे झुकलेले असल्यामुळे पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत हाताला ठोका लागतो. चार कप्प्यांची आकृती काढताना आपण उजवा आणि डावा भाग शेजारी शेजारी काढतो, प्रत्यक्षात मात्र उजवे निलय, म्हणजे खालचा उजवा कप्पा, पुढे, उरोस्थीच्या लगेच मागे असते आणि डावे निलय बाजूला व मागे असते. या सगळ्याभोवती हृदयावरणाची दुहेरी पिशवी असते आणि तिच्या दोन पदरांमध्ये थोडासा द्रव असतो, ज्यामुळे दिवसाला लाखभर वेळा हलूनही हृदय आजूबाजूला घासत नाही. या पिशवीचा बाहेरचा पदर ताणला जात नाही. म्हणून तिच्यात अचानक रक्त किंवा पाणी साठले, तर हृदयाला आवळता येत असूनही भरायला जागा उरत नाही आणि रुग्ण काही वेळात दगावू शकतो. भरणे अडले की आवळणे निरुपयोगी ठरते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

आकृतीवर माझा फारसा भरवसा नसल्यामुळे मी वर्गात मटणाच्या दुकानातून आणलेले बोकडाचे हृदय उघडून दाखवते. त्याची ठेवण माणसाच्या हृदयाशी पुष्कळ जुळते. पाहिल्याबरोबर लक्षात येतो तो भिंतींच्या जाडीतला फरक. वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, इतकी पातळ असतात की ती रिकामी असताना चपटी पडून राहतात. उजव्या निलयाची भिंत थोडी जाड असते, आणि डाव्या निलयाची भिंत कापताना सुरीला चांगलाच जोर द्यावा लागतो. माणसात उजव्या निलयाची भिंत साधारण ३ ते ४ मिलिमीटर, तर डाव्याची सुमारे एक सेंटिमीटर असते. पाहणाऱ्या मुली यावरून लगेच निष्कर्ष काढतात की डावा भाग जास्त रक्त ढकलत असणार. तसे नाही. दोन्ही निलये प्रत्येक ठोक्याला तेवढेच, म्हणजे विश्रांतीच्या वेळी सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतात. फरक आहे तो दाबाचा. उजव्या निलयाला शेजारच्याच फुप्फुसांपर्यंत रक्त पोचवायचे असल्याने पाऱ्याच्या २५ मिलिमीटरइतका दाब पुरतो, तर डाव्या निलयाला मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत रक्त न्यायचे असल्याने १२० मिलिमीटरपर्यंतचा दाब निर्माण करावा लागतो.

दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखे रक्त बाहेर पडणे ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. समजा, उजव्या निलयाने प्रत्येक ठोक्याला डाव्यापेक्षा फक्त एक मिलिलिटर रक्त जास्त टाकले, तर मिनिटाला ७० मिलिलिटर आणि पंधरा मिनिटांत एक लिटरहून अधिक रक्त फुप्फुसांत साचेल आणि माणूस गुदमरेल. हे हिशेब कोण सांभाळते? मेंदू नाही. हृदयाचा स्नायू स्वतःच तो सांभाळतो, आणि तेही भरण्याच्या टप्प्यावर. म्युनिकमध्ये ओटो फ्रँक यांनी १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयावर आणि पुढे लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले, की स्नायूचे तंतू भरताना जितके जास्त ताणले जातात, तितक्या जोराने ते पुढच्या खेपेला आवळतात. त्यामुळे डाव्या बाजूला थोडे जास्त रक्त आले, तर पुढच्याच ठोक्याला ते जास्त रक्त बाहेर टाकले जाते आणि फरक साचत नाही. अर्थात या ताणालाही मर्यादा आहे, आणि वर्षानुवर्षे ताणून मोठ्या झालेल्या हृदयात हा नियम पूर्वीइतका उपयोगी पडत नाही.

झडपांकडे वळू. अलिंद आणि निलय यांच्यामध्ये उजवीकडे त्रिदली आणि डावीकडे द्विदली झडप असते; निलयांतून बाहेर पडणाऱ्या फुप्फुस धमनीच्या आणि महाधमनीच्या तोंडाशी तीन-तीन अर्धचंद्राकृती पाळ्यांच्या झडपा असतात. यांपैकी एकाही झडपेला स्वतःहून उघडता किंवा मिटता येत नाही. दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकाने त्या उघडतात आणि मिटतात. द्विदली व त्रिदली झडपांच्या कडांना पांढरे दोरे असतात, ते निलयाच्या आतल्या भिंतीवरच्या लहान स्नायूंना जोडलेले असतात, आणि हे दोरे झडप ओढून उघडतात असा बऱ्याच जणांचा समज असतो. त्यांचे काम निराळे आहे. निलय आवळते तेव्हा झडपेच्या पाळ्या दाबाने अलिंदात उलटून जाऊ नयेत, एवढ्यासाठी ते त्यांना धरून ठेवतात. हृदयविकाराच्या झटक्यात यातला एखादा स्नायू फाटला, तर झडप एकाएकी गळू लागते आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरते. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा ठोक्याचा पहिला आवाज द्विदली व त्रिदली झडपा मिटतानाचा आणि दुसरा अर्धचंद्राकृती झडपा मिटतानाचा. पहिल्या आवाजापासून दुसऱ्यापर्यंत आवळणे आणि दुसऱ्यापासून पुढच्या पहिल्यापर्यंत भरणे. हा दुसरा अवकाश मोठा असतो, हे नुसत्या कानालाही कळते.

बोकडाच्या हृदयाची महाधमनी झडपेच्या दोन बोटे वर कापून ते सरळ धरायचे आणि वरून पाणी ओतायचे, हा माझा सर्वांत आवडता प्रयोग. पाणी पडताच तीन पाळ्या फुगून एकमेकींना भिडतात आणि पाणी थांबते. प्रत्येक पाळीच्या मागे महाधमनीच्या भिंतीत एक फुगीर खळगा असतो. लिओनार्दो दा विंची यांनी १५१३ च्या सुमारास बैलांच्या हृदयांचा अभ्यास करताना ताडले होते, की बाहेर पडणारे रक्त या खळग्यांत भोवरे घेते आणि ते भोवरेच पाळ्यांना मिटण्याच्या दिशेने ढकलतात. हे तपासण्यासाठी काचेची प्रतिकृती करून तिच्यात गवताचे बी मिसळलेले पाणी सोडण्याचा बेत त्यांनी टिपून ठेवला होता. विसाव्या शतकातील प्रयोगांनी त्यांचे म्हणणे खरे ठरवले. ना सूक्ष्मदर्शक, ना दाब मोजण्याचे साधन, आणि तरीही हा माणूस तिथपर्यंत पोचला, याचे मला प्रत्येक वेळी नव्याने आश्चर्य वाटते.

याच खळग्यांपैकी दोघांत, पाळ्यांच्या जरा वर, दोन बारीक भोके दिसतात. हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांची ती तोंडे. डावी धमनी थोड्याच अंतरावर दोन मोठ्या शाखांत विभागते, एक पुढून खाली टोकाकडे उतरते आणि दुसरी वळसा घेऊन मागे जाते. उजवी धमनी उजव्या बाजूच्या खोबणीतून फिरते. हृदयाच्या पोकळीत एवढे रक्त असूनही त्याच्या जाड भिंतीला त्या रक्ताचा उपयोग नाही. तिला या बाहेरून येणाऱ्या धमन्यांवरच अवलंबून राहावे लागते. आणि इथे एक अडचण उभी राहते. डावे निलय जोराने आवळते तेव्हा भिंतीच्या आत शिरलेल्या बारीक वाहिन्या त्या दाबाने चेपल्या जातात. त्यामुळे इतर सर्व अवयवांना आवळण्याच्या वेळी जास्त रक्त मिळत असताना डाव्या निलयाच्या स्नायूला मात्र त्याचे बरेचसे रक्त सैल होण्याच्या वेळी मिळते. झडप मिटलेली असते, ताणलेली महाधमनी पूर्ववत होताना आतल्या रक्तावर दाब ठेवते, आणि तोच दाब रक्ताला करोनरी धमन्यांत ढकलतो.

विश्रांतीच्या वेळीही हृदय आपल्या वाट्याला आलेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के किंवा अधिक प्राणवायू काढून घेते, तर सबंध शरीराची सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे काम वाढले की तेवढ्याच रक्तातून आणखी प्राणवायू मिळवण्याची सोय हृदयाला फारशी नाही. त्याला जास्त रक्तच लागते. आता ठोक्यांची गती वाढली तर काय होते ते पाहा. मिनिटाला २०० ठोके झाले तर एका ठोक्याला ०.३ सेकंद मिळतात. आवळण्याचा काळ ०.२७ वरून ०.१६ सेकंदावर येतो, पण सैल होण्याचा काळ ०.५३ वरून ०.१४ सेकंदावर घसरतो. कपात होते ती मुख्यतः भरण्याच्या आणि पोषणाच्या वेळेत. निरोगी, तरुण हृदय हे सहज निभावून नेते. अरुंद झालेल्या करोनरी धमन्यांना ते झेपत नाही, आणि म्हणून जिना चढताना छातीत दुखू लागते. छातीत दुखणाऱ्या रुग्णाला ठोके मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या का देतात, हा प्रश्न नातेवाईक मला बरेचदा विचारतात. हृदय आधीच कमकुवत, त्याला आणखी संथ कशाला करायचे, अशी त्यांची रास्त शंका असते. उत्तर याच आकड्यांत आहे. ठोके संथ झाले की प्राणवायूची मागणी कमी होते आणि स्नायूला रक्त मिळण्याचा अवधी वाढतो. या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत, हे मात्र आवर्जून सांगते.

हृदयाच्या विद्युत यंत्रणेतही हीच काळजी घेतलेली दिसते. या यंत्रणेचा शोध गमतीदार रीतीने उलट्या क्रमाने लागला. संदेश उजव्या अलिंदाच्या वरच्या कोपऱ्यातील सायनस नोड या पेशींच्या पुंजक्यात निघतो, अलिंदांतून पसरत अलिंदे व निलये यांच्या सीमेवरच्या ए. व्ही. नोड या दुसऱ्या पुंजक्यापाशी येतो, तिथून हिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंतूंच्या जुडीतून खाली उतरतो आणि पुर्किन्ये तंतूंमार्फत निलयांत सर्वत्र पोचतो. शोध मात्र शेवटच्या टोकापासून सुरू झाले: पुर्किन्ये यांनी १८३९ मध्ये मेंढीच्या हृदयात ते तंतू पाहिले, विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये जुडी दाखवली, जर्मनीत मारबुर्ग येथे काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने १९०६ मध्ये ए. व्ही. नोडचे वर्णन केले, आणि आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये उगमाचे, म्हणजे सायनस नोडचे वर्णन प्रसिद्ध केले.

यातला ए. व्ही. नोड मला विशेष महत्त्वाचा वाटतो. पुर्किन्ये तंतूंत संदेश सेकंदाला चार मीटरपर्यंतच्या वेगाने धावतो, पण ए. व्ही. नोडमध्ये तो सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर इतका मंदावतो आणि सुमारे दशांश सेकंद तिथेच रेंगाळतो. या विलंबामुळे अलिंदे आवळून उरलेले रक्त खाली ढकलू शकतात आणि त्यानंतरच निलये आवळू लागतात. निलयांत येणारे बहुतेक रक्त झडप उघडताच आपसूक उतरलेले असते. अलिंदांच्या आवळण्याने भर पडते ती सुमारे २० ते ३० टक्क्यांची. दुसरी तजवीज स्नायूतच आहे. हातापायांच्या स्नायूला भराभर संदेश दिले तर तो सतत आवळलेल्या अवस्थेत राहू शकतो. हृदयाचा स्नायू एकदा उद्दीपित झाला की जवळपास पाव सेकंद नवा संदेश स्वीकारत नाही, आणि तोवर त्याचे आवळणे बहुतांशी संपलेले असते. हृदयाला पेटके येत नाहीत, ते सैल झाल्याशिवाय पुन्हा आवळू शकत नाही, याचे कारण हे.

सायनस नोडची स्वतःची गती मिनिटाला सुमारे १०० असते. ती सत्तरच्या आसपास आणून ठेवतो तो मेंदूकडून येणारा व्हेगस मज्जातंतू. प्रत्यारोपित हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असल्याने त्या रुग्णांचे ठोके विश्रांतीतही ९० ते ११० च्या घरात राहतात. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी केपटाउनमध्ये ३ डिसेंबर १९६७ रोजी पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तशी शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासच जगला. तरीही त्या काळी, त्या साधनांनिशी, परळमध्ये असे धाडस झाले ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून ओघात नोंदवते.

सैल होणे म्हणजे नुसते आवळणे थांबणे, असे आपण गृहीत धरतो. या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे. गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या काळापासून सुमारे दीड हजार वर्षे युरोपातील वैद्यांची समजूत होती, की हृदयाची खरी क्रिया प्रसरणाची आहे आणि ते लोहाराच्या भात्यासारखे रक्त आत ओढून घेते. इंग्रज वैद्य विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये फ्रँकफर्ट येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे मोडून काढले. जिवंत प्राण्यांच्या हृदयांचे निरीक्षण करून त्यांनी दाखवले की हृदय कठीण होते, आवळते आणि रक्त बाहेर टाकते तीच त्याची क्रिया; आणि अर्ध्या तासात बाहेर पडणारे रक्त सबंध शरीरातील रक्ताहून अधिक भरते, तेव्हा ते फिरून परत येत असलेच पाहिजे. हार्वींचे म्हणणे निर्विवाद टिकले. पण त्यांच्या विजयात प्रसरणाकडे मात्र दुर्लक्ष झाले. आज आपल्याला माहीत आहे की सैल होण्यालाही ऊर्जा लागते. पेशीत सुटलेले कॅल्शियम पुन्हा त्याच्या साठ्यात उपसून नेल्याशिवाय तंतू एकमेकांना सोडत नाहीत, आणि हे उपसण्याचे काम एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य खर्चून होते. शिवाय डावे निलय आवळताना, ओले धोतर पिळावे तसे, त्याचे टोक एका दिशेला आणि वरचा भाग उलट दिशेला वळतो. हा पीळ सुटताना निलयातील दाब इतक्या झपाट्याने उतरतो की अलिंदातील रक्त खरोखरच आत ओढले जाते. गेलनची उपपत्ती चुकीची होती, तरी तिच्यात सत्याचा एक अंश होता.

भरण्यात अडथळा आला तर काय होते, हे भारतात आजही सांधेतापाच्या हृदयरोगात पाहायला मिळते. मुलांना, विशेषतः ५ ते १५ वर्षांच्या वयात, स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा येतो; दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजतात; आणि काहींमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा जंतूंऐवजी हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडप मात्र वर्षानुवर्षे जाड होत, चिकटत जाते. द्विदली झडपेचे तोंड निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ते दीडच्या खाली गेले की आजार तीव्र मानतात. अशी मुलगी लग्नापर्यंत धडधाकट वाटते. गरोदरपणात रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, ठोके वाढतात, भरण्याचा वेळ कमी होतो, आणि अरुंद तोंडातून तेवढ्या वेळात रक्त उतरू शकत नसल्यामुळे ते फुप्फुसांत तुंबते. धाप लागते, आडवे झोपवत नाही, आणि घरचे म्हणतात, "पोट वाढलंय, दम लागणारच." माझ्या विद्यार्थिनींना मी हे वाक्य कधीच सहज घेऊ देत नाही. निलयाचा स्नायू इथे बहुधा उत्तम असतो. त्याला भरायलाच मिळत नाही. जपानी शल्यविशारद कांजी इनोए यांनी १९८० च्या दशकात प्रचारात आणलेल्या फुग्याने ही झडप मांडीच्या शिरेतून जाऊन उघडता येते, आणि योग्य झडप असेल तर गरोदरपणातही हा उपचार करता येतो. त्याआधीच्या पायरीवर, सांधेताप येऊन गेलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी द्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन आहे, जे वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि म्हणूनच बऱ्याचदा मध्येच सुटते.

दुसरी बाजू वयस्कांची. टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, अहवाल हाती आला की घरातले सगळे आधी 'ईएफ' (इजेक्शन फ्रॅक्शन) शोधतात. डावे निलय भरते तेव्हा त्यात सुमारे १२० मिलिलिटर रक्त असते आणि त्यातले ७० बाहेर पडते, म्हणून हे प्रमाण ५५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असणे चांगले. पण ईएफ फक्त आवळण्याविषयी सांगते. हृदयाचे कार्य कमी पडल्याने धाप लागणाऱ्या आणि पाय सुजणाऱ्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचे ईएफ ठीक असते. वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता आणि वय यांमुळे त्यांच्या निलयाची भिंत ताठर झालेली असते, ती नीट सैल होत नाही आणि मागे फुप्फुसांत दाब वाढतो. या आजारावर फार काळ खास औषध नव्हते. मूळ मधुमेहासाठी असलेल्या एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचा त्यात उपयोग होतो, हे २०२१ मध्ये मोठ्या चाचणीने दिसले.

त्याच अहवालात साठीच्या पुढच्या पुष्कळांना 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन' असे शब्द दिसतात आणि घरात काळजी पसरते. झडप उघडताच येणाऱ्या रक्ताच्या पहिल्या लाटेपेक्षा अलिंदाच्या आवळण्याने येणारी दुसरी लाट मोठी झाली, म्हणजे निलय पूर्वीपेक्षा सावकाश सैल होते आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि वयाबरोबर हा बदल बहुतेकांत होतो. नुसत्या या ओळीवरून हृदय निकामी होत आहे असे ठरत नाही. डॉक्टरांना विचारायचे असेल तर डाव्या अलिंदाचा आकार वाढला आहे का, निलयाची भिंत जाड झाली आहे का आणि रक्तदाब दिवसभर ताब्यात राहतो का, हे तीन प्रश्न विचारावेत. त्या ओळीला किती महत्त्व द्यायचे ते या उत्तरांवरून ठरते.